‘पोलिसी खाक्या’ म्हणजे नेमकं काय?

पडद्यावरची मारामारी आपल्याला नवी नाही. पण ‘विसारणै’ हा तमिळ चित्रपट पाहताना खुर्चीतला माणूस अवघडून बसतो. कारण समोर मार खाणारा कुणी गुंड नसतो. तो किराणा दुकानातला नोकर असतो!

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’

मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून हे वाक्य शेकडो वेळा गेलेलं असतं. कधी ‘खाक्या’ऐवजी ‘हिसका’ असतो, कधी आरोपी ‘पोपटासारखा बोलू लागतो’. सकाळचा चहा पिता पिता आपण ते वाचतो आणि पान उलटतो. चोर सापडला, कबूल झाला, छान झालं! त्या चार शब्दांच्या मागे एक खोली असते, तिचं दार बंद असतं आणि आत काही तास किंवा काही दिवस गेलेले असतात, हा विचार चहाच्या कपाबरोबर सहसा येत नाही.

वेट्रीमारन या दिग्दर्शकानं 2015 मध्ये ते दार उघडलं. ‘विसारणै’ म्हणजे चौकशी. आपल्या ‘विचारणा’ या शब्दाचाच हा तमिळ भाऊ. चित्रपट जेमतेम दोन तासांचा आहे. त्यात गाणी नाहीत, विनोदी पात्र नाही. दिनेश या नटानं केलेला पांडी आणि त्याचे तीन मित्र हे तमिळनाडूतून आंध्रातल्या गुंटूरला पोट भरायला आलेले तरुण. खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून ते बागेत झोपतात. पहाटे उठायचं, दुकानात राबायचं, चार पैसे गाठीला लावायचे. जवळच्या घरात काम करणारी एक तमिळ मुलगी आहे, तिच्याकडे पाहून पांडीचा दिवस गोड होतो. एवढंच त्यांचं जग.

आणि एका दिवशी पोलीस येऊन त्यांना उचलतात.

कशासाठी, ते कुणी सांगत नाही. ठाण्यात नेल्याबरोबर मार सुरू होतो आणि ‘कबूल कर’ एवढंच ऐकू येतं. काय कबूल करायचं, हे मार खाणाऱ्याला ठाऊक नाही. भाषेचीही पंचाईत. पोलीस तेलुगू बोलतात, ही पोरं तमिळ. पोटापाण्यासाठी परक्या भाषेच्या मुलखात राहिलेल्या माणसाला या प्रसंगातली भीती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बाजारात भाव विचारण्यापुरती भाषा येते, पण आपण निर्दोष आहोत हे पटवून द्यायला ती पुरत नाही!

हळूहळू उलगडा होतो. शहरातल्या एका बड्या घरी मोठी चोरी झालेली आहे. वरून दबाव आहे. फाईल बंद करायची तर आरोपी हवेत. बागेत झोपणारे, परक्या राज्यातले, ज्यांच्यासाठी कुणी वकील उभा राहणार नाही असे चौघे आयतेच हाताशी आहेत. अजय घोष या नटानं रंगवलेला इन्स्पेक्टर हा काही विकृत राक्षस नाही, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते. तो आपलं काम उरकतो आहे. एखादा कारकून टेबलावरचा ढीग उपसतो, त्याच चेहऱ्यानं. ही पोरं अन्न सोडतात, तेव्हा त्यांना सोडून दिल्याचं नाटक केलं जातं. सुटकेच्या आनंदात ती खातात आणि पुन्हा पकडली जातात. लाठीपेक्षा हा प्रसंग जास्त लागतो.

तेरा दिवस

ही कल्पना नाही. एम. चंद्रकुमार नावाचा कोइमतूरचा एक माणूस तरुणपणी घर सोडून गुंटूरला गेला होता. तिथे 1983 मध्ये त्याला आणि त्याच्या मित्रांना चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं. तेरा दिवस तो कोठडीत होता. त्यानंतर काही महिने तुरुंग. सुटल्यावर तो गावी परतला, पुढे रिक्षा चालवू लागला. शिक्षण बेताचंच, पण वाचनाची आणि लिहिण्याची आवड होती. कोठडीतल्या त्या दिवसांवर त्यानं ‘लॉकअप’ हे पुस्तक लिहिलं. ‘एका सामान्य माणसाच्या नोंदी’ असं उपशीर्षक त्यानं दिलं आहे. वेट्रीमारनला चित्रपटाचा पूर्वार्ध सापडला तो या पुस्तकात.

1983 हे साल मराठी वाचकाला आणखी एका कारणानं आठवायला हवं. त्याच वर्षी गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ पडद्यावर आला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा आणि विजय तेंडुलकरांची पटकथा. त्यातला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर कोठडीत एका संशयिताला मारता मारता ठार मारतो. ओम पुरींचा तो चेहरा अजून कुणी विसरलेलं नाही. पण ‘अर्धसत्य’मध्ये आपण मारणाऱ्याच्या डोक्यात शिरलो होतो. त्याची घुसमट, त्याचा बाप, त्याचा अपमान हे सगळं आपल्याला कळलं. मेलेला तो चोर कोण होता, कुठून आला होता, हे फारसं कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आपण विचारलंही नाही. ‘विसारणै’नं कॅमेरा उचलून पलीकडे, जमिनीवर पडलेल्या माणसाच्या बाजूला ठेवला आहे. मुंबईत ‘अर्धसत्य’ला टाळ्या पडत होत्या त्या वर्षी गुंटूरच्या कोठडीत एक पोरगा दिवस मोजत होता!

बॉम्ब कुठे आहे?

पोलिसांनी मारावं की मारू नये, असा वाद दिवाणखान्यात निघाला की कुणीतरी हमखास बॉम्ब काढतो. समजा, शहरात बॉम्ब ठेवलेला आहे, तासाभरात फुटणार आहे, तो कुठे आहे हे एकाच माणसाला माहीत आहे आणि तो माणूस तुमच्या ताब्यात आहे. आता बोला, मारणार की नाही?

हॉलीवूडनं याच प्रश्नावर 2010 मध्ये ‘अनथिंकेबल’ हा थरारपट काढला. ग्रेगर जॉर्डन दिग्दर्शक. मायकेल शीननं उभा केलेला आरोपी हा माजी अमेरिकी सैनिक. त्यानं तीन शहरांत अणुबॉम्ब ठेवल्याचा दावा केलेला आहे. त्याला बोलता करण्यासाठी सॅम्युएल जॅक्सनचा एक ‘तज्ज्ञ’ बोलावला जातो, आणि एफबीआयची अधिकारी, म्हणजे कॅरी-अॅन मॉस, ते थांबवू पाहते. तज्ज्ञ बोट तोडण्यापासून सुरुवात करतो. पुढे आरोपीची बायको आणली जाते, मग मुलं. प्रत्येक पायरीवर खोलीतले सभ्य अधिकारी आधी नको म्हणतात आणि मग दुसरीकडे पाहू लागतात. चित्रपट हुशार आहे, पण त्याची सगळी इमारत एका गोष्टीवर उभी आहे. बॉम्ब खरोखर आहे आणि ताब्यातला माणूस खरोखर तोच आहे, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं.

खऱ्या आयुष्यात अशी वेळ येतच नाही असं नाही. जर्मनीत फ्रँकफर्टला 2002 मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाचं खंडणीसाठी अपहरण झालं. खंडणी घेणारा कायद्याचा विद्यार्थी पोलिसांनी पकडला, पण मुलगा कुठे आहे ते तो सांगेना. मुलाच्या जिवाला एकेक तास मोलाचा. शहराच्या पोलीस उपप्रमुखानं हुकूम दिला, त्याला यातना देण्याची धमकी द्या. धमकीनंच काम झालं, आरोपीनं जागा सांगितली. पोलीस पोचले तेव्हा मुलगा सापडला, पण तो आधीच मारला गेला होता. पुढे आरोपीला जन्मठेप झाली. आणि त्या उपप्रमुखावरही खटला चालला! 2004 मध्ये न्यायालयानं त्याला दोषी धरलं, मात्र प्रत्यक्ष शिक्षा जवळजवळ नाममात्र ठेवली. 2010 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानंही अशी धमकी देणं हे अमानुष वागणूकच ठरतं, असं म्हटलं. मूल वाचवायला निघालेल्या माणसालाही कायद्यानं सोडलं नाही. हे योग्य की अयोग्य, यावर जर्मनीत घराघरांत भांडणं झाली. आपल्याकडेही दोन माणसं सहज भांडतील.

पण ‘विसारणै’ पाहताना हा सगळा वादच चुकीच्या पत्त्यावर चालला आहे, असं वाटू लागतं. गुंटूरच्या त्या कोठडीत बॉम्ब कुठे आहे? कुणाचं मूल हरवलं आहे? एका पैसेवाल्याच्या घरची चोरी आहे आणि अधिकाऱ्याला वरिष्ठांपुढे उभं राहायचं आहे. यातनांची बाजू घेणारे बोलतात अणुबॉम्बबद्दल, आणि प्रत्यक्षात मार खातो तो मोबाइल, सायकल नाहीतर सोन्याच्या साखळीसाठी.

मग मारतात कशाला?

यात एक कायद्याची गंमत आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. ही तरतूद कुणा आधुनिक मानवतावाद्यानं आणलेली नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं ते 25 वं कलम होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 23 व्या कलमात तसंच आहे. इंग्रज सरकार काही फार दयाळू नव्हतं, पण त्याला आपले पोलीस ठाऊक होते! मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करताना आणि गुन्हे कबूल करवून घेताना रयतेचा छळ होतो, अशी ओरड झाल्यावर एक चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1855 चा आहे. लाकडी चिमट्यात बोटं पिळणं, माणसाला वाकवून तासन् तास बांधून ठेवणं असे प्रकार त्यात नावानिशी नोंदलेले आहेत. गुंटूरचा मुलूख तेव्हा याच मद्रास इलाख्यात होता.

मग कबुलीला कवडीची किंमत नसताना मार कशासाठी? उत्तर जुन्या 27 व्या कलमात होतं आणि आता ते 23 व्याच कलमाला जोडलेलं आहे. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणजे ‘मी चोरी केली’ हे चालत नाही, पण ‘दागिने अमुक झाडाखाली पुरले आहेत’ हे म्हटल्यावर तिथे दागिने सापडले, तर ते चालतं. एवढी फट पुरते. चोर खराच असेल तर मारानं माल निघतो आणि निर्दोष असेल तर मारानं गोष्टी निघतात. पांडीच्या बाबतीत दुसरं घडतं. निष्णात तपास अधिकाऱ्याला बोटांचे ठसे, फोनच्या नोंदी, साक्षीदार यांतून जे आठ दिवसांत मिळवावं लागतं, ते लाठीनं एका रात्रीत मिळाल्यासारखं वाटतं. अपुरं मनुष्यबळ, वरून ‘लवकर छडा लावा’चा धोशा, सोळा-सोळा तासांची ड्युटी... पोलिसांची ही बाजू खोटी नाही. चित्रपटही ती लपवत नाही.

चांगला माणूस मुतुवेल

उत्तरार्धात चित्रपट रंग बदलतो आणि अस्सल थरारपट होतो. गुंटूरच्या न्यायालयात पोरं न्यायाधीशांपुढे उभी आहेत, पण त्यांची भाषा तिथे कुणाला कळत नाही. योगायोगानं तमिळनाडूचा इन्स्पेक्टर मुतुवेल तिथे दुसऱ्या कामासाठी आलेला असतो. तो मधे पडून त्यांचं बोलणं तेलुगूत सांगतो आणि चौघं सुटतात. समुद्रकनीनं केलेला हा मुतुवेल सरळ, माणुसकीचा अधिकारी आहे. या भूमिकेसाठी त्याला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

पण मुतुवेलला त्या बदल्यात एक ‘छोटंसं’ काम करून हवं आहे. राजकारण्यांचा काळा पैसा सांभाळणारा के.के. नावाचा ऑडिटर न्यायालयाला शरण येतो आहे. त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क लागण्याआधी त्याला उचलून तमिळनाडूत न्यायचं आहे. पोरं उपकाराच्या ओझ्याखाली हो म्हणतात. परत आल्यावर त्यांना ठाण्याची साफसफाई करायला सांगितलं जातं. ती झाडू मारत असतात आणि वरच्या मजल्यावर सुटाबुटातल्या के.के.ची ‘चौकशी’ सुरू होते.

इथे चित्रपट पहिल्या भागापेक्षा खोल जातो. के.के. पैसेवाला आहे, त्याच्या ओळखी आहेत, पहिल्यांदा त्याला खुर्चीही मिळते. पण गणित बदलतं तसा तोही त्याच जमिनीवर येतो. म्हणजे गरीब असलं तरच मार बसतो, असंही नाही. ज्याच्या मागे त्या घडीला कुणी नाही, त्याला बसतो. आणि मुतुवेल? त्याला हे पटत नाही, तो विरोधही करतो. पण पहिलं बेकायदा पाऊल त्यानंच टाकलेलं असतं. न्यायालयाच्या दारातून माणूस उचलताना त्याला वाटलं होतं की आपण कायद्याचंच काम करतो आहोत. आता ठाण्यातली तीन गडीमाणसं नको ते ऐकून बसली आहेत, आणि वरिष्ठांना तीही फाईल बंद करायची आहे. शेवट सांगणं हा पाहणाऱ्यावर अन्याय होईल. एवढंच सांगता येईल की हा उत्तरार्ध चंद्रकुमारच्या पुस्तकात नाही.

या चित्रपटाचा संकलक किशोर टी.ई. काम चालू असतानाच आजारी पडला आणि मार्च 2015 मध्ये वारला. वय अवघं 36. संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला. सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट हा राष्ट्रीय पुरस्कारही ‘विसारणै’लाच. पुढे भारताकडून ऑस्करसाठी तोच पाठवला गेला. त्याच्या आदल्या वर्षी गेला होता चैतन्य ताम्हाणेचा मराठी ‘कोर्ट’. लागोपाठ दोन वर्षं देशानं जगापुढे ठेवले ते न्यायालय आणि पोलीस ठाणं, हाही एक योगायोगच!

घरातल्यांना ठाऊक असावं असं

चंद्रकुमार तेरा दिवस कोठडीत होता तेव्हाही राज्यघटनेचं 22 वं कलम होतंच. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. यातून पळवाट सोपी आहे. अटक दाखवायचीच नाही. ‘चौकशीला बोलावलं आहे’ म्हणायचं.

ही पळवाट बुजवायचा मोठा प्रयत्न एका पत्रातून झाला. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेचे प्रमुख डी. के. बसू यांनी 1986 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं. निकाल लागायला दहा वर्षं गेली. 18 डिसेंबर 1996 रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. ए. एस. आनंद यांनी अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद तिथल्या तिथे तयार व्हायला हवा, त्यावर वेळ आणि तारीख हवी आणि घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. नातलगाला किंवा मित्राला कळवायला हवं. आरोपीनं मागितलं तर अंगावरच्या जखमा अटकेच्या वेळीच तपासून लिहून ठेवायच्या आणि त्याची प्रत त्याला द्यायची. दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. वकिलाची भेट. यातल्या बऱ्याचशा गोष्टी पुढे कायद्यातही आल्या. घरात कुणावर अशी वेळ आली तर निदान तो अटकेचा कागद मागावा आणि त्यावरची वेळ वाचून मगच सही करावी.

नियम झाले, पण ते पाळले गेले का? तमिळनाडूच्याच तुतुकुडी जिल्ह्यात जून 2020 मध्ये मोबाइलचं दुकान चालवणारे बाप-लेक टाळेबंदीची वेळ मोडल्याच्या आरोपावरून ताब्यात घेतले गेले आणि काही दिवसांत दोघेही मरण पावले. ठाण्यात कॅमेरे होते. पण चित्रण रोजच्या रोज पुसलं जाईल, अशी व्यवस्था केलेली होती. चौकशीला गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना त्या रात्रीचं सत्य सांगितलं ते त्याच ठाण्यातल्या एका महिला हवालदारानं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसकट, आवाज टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण जपून ठेवण्याचा आदेश दिला.

यातनांविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं 1997 मध्ये सही केली आहे. पण सहीनंतरची पायरी, म्हणजे करार मान्य करून त्याप्रमाणे देशात कायदा करणं, ती झालेली नाही. 2010 मध्ये लोकसभेनं तसं एक विधेयक संमत केलं होतं, ते राज्यसभेत अडकलं आणि बारगळलं. 2017 मध्ये विधी आयोगानं आपल्या 273 व्या अहवालात पुन्हा मसुदा करून दिला. तो मसुदाच राहिला.

‘विसारणै’ लहान मुलांना घेऊन बघायचा चित्रपट नाही. कोठडीतले प्रसंग मोठ्यांनाही झेपत नाहीत, अनेक जण मध्येच उठतात. मात्र घरात सोळा-सतरा वर्षांची मुलं असतील, ‘अशांना असंच ठोकायला पाहिजे’ असं जेवणाच्या ताटावर म्हणणारी असतील, तर त्यांच्या शेजारी बसून तो जरूर पाहावा आणि मग जेवणाच्या वेळी पुन्हा तो विषय काढावा.

सप्टेंबर 2015 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात, आदल्या वर्षी ‘कोर्ट’नं ज्या ‘ओरिझोंती’ विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला होता त्याच विभागात, ‘विसारणै’ दाखवला गेला. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या इटली शाखेनं त्याला पुरस्कार दिला. तेव्हा व्हेनिसला वेट्रीमारनबरोबर चंद्रकुमारही गेला होता. कोइमतूरचा रिक्षावाला व्हेनिसला, म्हणून तमिळ वर्तमानपत्रांना मोठीच बातमी झाली. बत्तीस वर्षांपूर्वी गुंटूरच्या कोठडीत तो जे बोलत होता, ते त्या रात्री पडद्यावर दिनेश तमिळमध्ये बोलत होता, आणि खाली त्याचा अर्थ लिहून येत होता.